तीन दिवसांत तीन मुक्काम

प्रतापराव गावडे इंदूर स्टेशनातून बाहेर पडले आणि टांग्यांच्या रांगेसमोर जे उभे राहिले ते उभेच राहिले. जानेवारीची सकाळ होती, सियागंजाच्या बाजूनं पोह्यांचा वास येत होता आणि तीन-चार टांगेवाले एकदमच अंगावर धावून आले होते. "कहां चलोगे, बाबूजी?" एवढ्या साध्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. गंमत अशी, की या शहरात कुणी कुठं उतरायचं हे ठरवण्याचा पगार ज्या माणसानं अठरा वर्षं घेतला, तो माणूस हाच.

होळकरांचं संस्थान होतं तेव्हा प्रतापराव मेहमानखान्यात कारकून होते. संस्थानात पाहुणा आला की त्याची उतरण्याची सोय हे खातं करायचं. आता सोय म्हणजे नुसती खाट आणि तांब्या नव्हे. धारच्या आणि देवासच्या सरदारांचं जमत नसेल तर त्यांची दारं समोरासमोर येता कामा नयेत. गवयाला देवळाच्या घंटेपासून लांब ठेवायचं. पहिलवानाला मिठाईच्या गल्लीत उतरवलं तर त्याचा वस्ताद कपाळाला हात लावणार. पाणी, सकाळचं ऊन आणि शेजार या तीन गोष्टी बघून प्रतापराव जागा ठरवत आणि ती सहसा चुकत नसे. चार दिवसांसाठी आलेला एक पखवाजिया त्यांनी छत्रीबागेकडे असा काही उतरवला, की तो पाच आठवडे हलला नाही. पाहुण्यानं आपण होऊन मुक्काम वाढवला की जागा जमली, ही मेहमानखान्याची परीक्षा. त्या परीक्षेत प्रतापराव कायम पहिले.

आणि खात्याचा सगळ्यात पहिला नियम असा, की पाहुण्याला विचारायचं नाही. विचारलं की तो संकोचानं "कुठंही चालेल" म्हणतो आणि मग त्याला कुठंच चालत नाही. विचारायच्या ऐवजी त्याच्या पेटीकडे बघायचं. पाहुण्यानं पेटीतलं सामान काढून कोनाड्यात लावलं तर समजायचं, बसला. एक धोतर काढून झाकण परत लावलं, तर त्याच्या तोंडातून तक्रार निघायच्या आत त्याला दुसरीकडे हलवायचं.

पुढं संस्थानं विलीन झाली, मेहमानखाना बुडाला, प्रतापराव मध्य भारताच्या एका सरकारी कचेरीत जाऊन बसले. छप्पन्न साली मध्य प्रदेश झाला आणि कचेरी फायलींसकट भोपाळला गेली. तिच्याबरोबर हेही गेले, बायको इंदुमती आणि सहा गोण्या सामान घेऊन. एकुलत्या मुलीचं लग्न होऊन ती बडोद्याला गेलेली. भोपाळात सहा वर्षं हा गृहस्थ राहिला, पण इंदूर काही त्याच्या तोंडातून गेलं नाही. पोहे खावेत तर इंदूरचे, शेव इंदूरची, मराठी बोलावी तीही इंदूरची. भोपाळचा एवढा समुद्रासारखा तलाव, पण प्रतापरावांना तो आपल्या खान नदीपुढं डबकं वाटायचा. कचेरीतली माणसं त्यांना बघून रस्ता बदलू लागली होती.

आता एकतीस मार्चला ते निवृत्त होणार होते. भोपाळात कारकुनांच्या सोसायटीत घरासाठी प्लॉट मिळत होता आणि हवा की नको ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. इकडे इंदुरात त्यांचे चुलतभाऊ अप्पासाहेब यांनी नारायण बागेत एक घर त्यांच्यासाठी अडवून ठेवलं होतं, पण तेही रविवारपर्यंतच. म्हणजे उरलेलं आयुष्य कुठं काढायचं, हे या चार दिवसांत ठरणार होतं.

प्रतापरावांच्या मनानं ते केव्हाच ठरवलं होतं. अडचण एकच होती. इंदुमतीच्या तोंडून ते निघायला हवं होतं. भोपाळला आल्यापासून ती गप्प असते, तिला इंदुराची ओढ लागली आहे पण नवऱ्याच्या नोकरीपायी ती बोलत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. म्हणून त्यांनी तिला नारायण बागेच्या घराबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. संक्रांतीला भावाकडे जाऊन येऊ, एवढंच बोलले होते. तिला अशा जागी उतरवायचं, की दोन दिवसांत ती आपण होऊन म्हणेल, अहो, आता इथंच राहू या.

"अहो, टांगेवाले किती वेळचे थांबलेत," इंदुमती म्हणाली.

"तुला कुठं बरं वाटेल, ते बघतोय."

"मला कुठंही चालेल."

प्रतापरावांनी मान डोलावली. पाहुणे असंच म्हणतात.

खरं तर भाऊ गावात असताना हा प्रश्नच पडायला नको होता. इंदुरातल्या मराठी घरांत नातेवाइकाला सोडून दुसरीकडे उतरणं म्हणजे त्याच्या दारात उभं राहून त्याचं तोंड न बघण्यासारखं. पण मल्हारगंजात अप्पासाहेबांकडे उतरलं, की इंदुमती पाहुणी राहणार नाही, तासाभरात पदर खोचून स्वयंपाकघरात शिरणार, हे त्यांना दिसत होतं. म्हणून त्यांनी भावाला शनिवारी येतो असं कळवलं होतं आणि आले होते गुरुवारी.

"लालबाग," प्रतापराव टांगेवाल्याला म्हणाले.

लालबागेजवळ शशिकलाबाई राहत. त्यांचे यजमान मेहमानखान्यातलेच, आता हयात नव्हते. मागच्या अंगणातली एक खोली त्या ओळखीच्या माणसांना उतरायला देत. स्वच्छ खोली, सकाळी खाटेवर येणारं ऊन, गोड पाणी, आणि शेजाराला होळकरांचा लालबाग राजवाडा, खिडकीतून त्याच्या बागेतली झाडं. तिन्ही गोष्टी चोख. प्रतापरावांनी खिडकी उघडली आणि चित्र दाखवावं तसं इंदुमतीला बाहेरचं दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी ते तिला राजवाड्याच्या मोठ्या लोखंडी फाटकापर्यंत घेऊन गेले. फाटक बंद होतं. आतला रस्ता झाडांत वळून दिसेनासा झाला होता आणि त्यावर वाळली पानं साचली होती. याच फाटकातून ते हातात यादी घेऊन आत-बाहेर करत. दसऱ्याच्या दिवसांत चाळीस-चाळीस पाहुणे असत आणि प्रत्येकाच्या चहाची वेळ त्यांच्या डोक्यात असे. बग्ग्यांचे कंदील ओळीनं लागत, घोडे खूर आपटत, आणि कुणीतरी हाक मारे, गावडे, बडोद्याची मंडळी कुठं? गावडेंना ठाऊक असे. त्या वेळी या शहरात त्यांना ठाऊक नाही अशी एक खोली नव्हती. सलाम करायच्या जुन्या सवयीनं हात अर्धा वर गेला, तेवढ्यात आतून चौकीदार आला.

"क्या चाहिए, बाबा?"

"कुछ नहीं, भिया. बस देख रहे हैं."

"देखने को अब क्या है," चौकीदार म्हणाला आणि विडी पेटवायला वळला.

परतताना इंदुमतीनं शाल नीट त्यांच्या खांद्यावर ओढून दिली. शुक्रवारी सकाळी प्रतापराव डोळे किलकिले करून खाटेवर पडून राहिले. तिनं पेटी उघडली, एक लुगडं काढलं आणि झाकण लावलं. कोनाड्यात तिनं काही म्हणजे काही ठेवलं नव्हतं, कुंकवाची डबीसुद्धा पेटीत परत गेली.

इथं चुकलंच आपलं, प्रतापरावांनी स्वतःला बजावलं. राजवाडा आपल्याला प्रिय, तिला त्याचं काय? ती कधी त्या फाटकाच्या आत गेली होती? तिला माणसं हवीत. दहाच्या आत त्यांनी शशिकलाबाईंचे आभार मानून टांगा बोलावला आणि रामबागेत एका मराठी खाणावळीच्या वरची खोली घेतली. आजूबाजूला सगळी आपली वस्ती. खिडकीखालून हळदीकुंकवाला जाणाऱ्या बायका, कुठं तरी पेटीवर सा-रे-ग-म घोटणारी मुलगी, खालून वरणाला पडलेल्या फोडणीचा वास. इंदुमती दिवसभर खिडकीत बसली. दोन ओळखीच्या बायका भेटल्या, त्यांना वर बोलावून तिनं तिळगूळ दिला. प्रतापराव खूश. शनिवारी सकाळी पेटी उघडली, लुगडं निघालं, झाकण लागलं.

त्यांच्या उभ्या नोकरीत असा अवघड पाहुणा आला नव्हता.

तिसरी जागा शोधायचे कष्ट त्यांना पडले नाहीत. खाणावळीच्या जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि अप्पासाहेब दारात उभे राहिले. साठीचे, गोरेपान, मिशा अजून फौजेतल्यासारख्या. इंदुरात अशी बातमी किती वेळ लपणार? पोह्याच्या दुकानावर कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, काय अप्पासाहेब, भाऊ लॉजवर उतरला?

"प्रताप, माझं घर जळालं का?"

"तसं नाही, अप्पासाहेब, तुम्ही ऐका तर."

"काय ऐकू? अख्खा मल्हारगंज मला पूछतोय. मी काय जवाब देऊ? वहिनी, तुम्ही सांगा, असं करतात का?"

"मी यांना म्हटलं होतं, मला कुठंही चालेल," इंदुमती शांतपणे म्हणाली.

अप्पासाहेबांनी पेटी स्वतः उचलली. वाद तिथंच मिटला.

मल्हारगंजातल्या त्या घरी मात्र प्रतापरावांना पहिल्यांदा आशा वाटली. अप्पासाहेबांच्या पत्नी भानुमतीबाई आणि इंदुमती एकाच वर्षी सासरी आलेल्या. दोघी स्वयंपाकघरात शिरल्या आणि हसण्याचा आवाज बाहेर येऊ लागला. दुपारी गराडूचे, त्या खास इंदुरी कंदाचे, तळलेले तुकडे आले, वर मसाला आणि लिंबू. त्या चवीनं प्रतापरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीमुळं नव्हतं. गल्लीतून कापडवाले, कासारांची ठोकठोक, सायकलींच्या घंट्या, एकमेकांना इंदुरी थाटात भैयाऐवजी भिया म्हणत चाललेलं भांडण. सहा वर्षं झोपेत ऐकलेला आवाज जागेपणी कानावर पडत होता. बास, आता ती बोलणार, त्यांना वाटलं. उद्या सकाळी घर बघायचं आणि हो म्हणून मोकळं व्हायचं.

चारच्या सुमाराला भानुमतीबाई म्हणाल्या, "इंदुमती, अजून आठ दिवस राहा की. संक्रांतीचं हळदीकुंकू आपण दोघी मिळून करू."

प्रतापरावांनी कान टवकारले. मुक्काम वाढवायचं बोलणं निघालं होतं.

"नाही हो, जाऊबाई," इंदुमती म्हणाली. "उद्याच निघायचं. घर असं किती दिवस बंद ठेवणार?"

ते माडीवर गेले. पेटी भिंतीशी होती. नुसती बंद नव्हती, तिला प्रवासाची दोरीसुद्धा बांधून झाली होती. गाडी रविवारी दुपारची, आणि बाईनं शनिवारी दुपारीच गाठ मारून ठेवलेली.

ते पेटीवरच बसले. अठरा वर्षांत त्यांनी शेकडो पाहुण्यांची मनं ओळखली होती आणि बत्तीस वर्षं घरात असलेल्या बाईचं त्यांना काही कळत नव्हतं. याची त्यांना लाज वाटली. इंदुमती चहा घेऊन वर आली, तेव्हा ते जे आजवर कुणालाही बोलले नव्हते ते बोलले.

"इंदुमती, तुला कुठं राहायचं आहे?"

तिनं कप खाली ठेवला. "आज?"

"आज नाही. कायमचं."

ती खाटेच्या कडेला बसली. हा माणूस खरंच विचारतोय का, ते तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ताडलं.

"नारायण बागेतलं घर अप्पासाहेबांनी बघून ठेवलंय, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यांचं पत्र तुमच्या कोटाच्या खिशात होतं. धुवायला टाकताना खिसे मीच बघते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. लग्न ठरलं तेव्हा नाही, भोपाळला निघालो तेव्हा नाही, आणि या तीन दिवसांत तर तीन जागा बदलल्या."

प्रतापराव पेटीच्या दोरीची गाठ चाचपत होते.

"मी चौदा वर्षांची इथं आले," ती पुढं म्हणाली. "तुमच्या घरात अकरा माणसं. माझी पेटी जिन्याखाली असायची. सव्वीस वर्षं ती तिथंच होती. कोणी पाव्हणं आलं की मी पेटीतलं चांगलं लुगडं काढायचे आणि झाकण लावायचे, कारण ते उघडं राहिलं तर पोरं आतलं काढायची. वाईट कुणी वागलं असं नाही. पण त्या सबंध घरात आतून कडी लावता येईल असं माझं एक दार नव्हतं. तुम्हाला इंदूर म्हटलं की ते दिवे दिसतात, घोडे दिसतात. मला ते दिवे दिसायचे नाहीत हो. मला चूल दिसायची."

"आणि भोपाळ?"

"भोपाळला दोन खोल्या आहेत. पत्र्याखाली उन्हाळ्यात जीव जातो. पण पहिल्या दिवशी तुम्ही कचेरीत गेलात आणि मी आतून कडी लावली. काही काम नव्हतं. नुसती बसले. चाळीस वर्षांची बाई, आणि आपल्या घरात एकटी बसली म्हणून रडले, खुशीनं." ती थोडी हसली. "मग शेजारच्या प्रभावतीबाई आल्या, रायपूरच्या. त्यांच्यामुळं हिंदी वाचायला लागले. सकाळी तुम्ही आंघोळीला जाता तोवर सबंध अखबार वाचून होतो माझा. तुम्हाला वाटतं मी गप्प असते. मी गप्प असते कारण मला ठीक असतं."

खाली कुणीतरी घागर ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्हाला इथं राहायचं असेल तर मी येईन," इंदुमती म्हणाली. "रुसून नाही, नीट येईन. मला सवय आहे. पण विचारलंत, म्हणून सांगितलं."

तिचा चहा निवला होता तरी तिनं तो पिऊन टाकला आणि ती खाली गेली. प्रतापराव उन्हं उतरेपर्यंत माडीवर बसून होते. त्यांना राग यावा असं त्यात काही नव्हतं, आणि तेच फार जड जात होतं. तिनं हट्ट धरला असता तर भांडता आलं असतं. आपण सहा वर्षं जिच्या नावानं हळहळलो, ती मजेत होती. हळहळत होतो ते आपणच.

रविवारी सकाळी अप्पासाहेब दोघांना नारायण बागेत घेऊन गेले. घरमालक बाहेरगावी होता, चावी अप्पासाहेबांकडेच होती, ती त्यांनी प्रतापरावांच्या हातात दिली. प्रतापरावांनी सवयीनं सगळं पाहिलं. विहीर अंगणात, पाणी शेंदून तोंडात घेतलं तर गोड. पूर्वेच्या दोन खिडक्या. डाव्या हाताला निवृत्त मास्तर, उजव्या हाताला एक म्हातारं जोडपं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी अठरा वर्षांत पाहिलेल्या जागांत इतकी पुरी उतरलेली जागा नव्हती. मनात त्यांनी खुर्ची कुठं ठेवायची तेही ठरवलं, खिडकीपाशी, म्हणजे सकाळी पेपर वाचता येईल आणि गल्लीत कोण आलं ते दिसेल. अप्पासाहेब रोज संध्याकाळी येतील. दोघं सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जातील. म्हातारपण कसं असावं याचं त्यांच्या मनातलं सगळं चित्र या खोलीत बरोबर मावत होतं.

इंदुमती ओसरीवर थांबली होती. ती आत आली नव्हती आणि चेहरा वळवून रस्त्याकडे बघत होती, म्हणजे नवऱ्याला तिच्याकडे बघून काही ठरवावं लागू नये.

"काय मग?" अप्पासाहेबांनी विचारलं. "आहे का नाही फर्स्ट क्लास? हो म्हण, आजच बोलून टाकतो."

"घर झकास आहे," प्रतापराव म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा."

"म्हणजे?"

"आम्हाला घर आहे, अप्पासाहेब. भोपाळला."

सहा वर्षांत भोपाळला घर म्हणताना अप्पासाहेबांनी या माणसाला ऐकलं नव्हतं. क्वार्टर म्हणायचा, खोल्या म्हणायचा.

"तुला इंदुराशिवाय करमेल का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही करमणार," प्रतापराव म्हणाले आणि चावी त्यांच्या हातात ठेवली.

दुपारी टांगा स्टेशनकडे निघाला. पेटी पायांशी होती. अप्पासाहेब मल्हारगंजाच्या कोपऱ्यापर्यंत चालत आले, मग थांबले आणि दिसेनासे झाले. गावातल्या जुन्या राजवाड्याचा चौक गेला, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या गेल्या, पूल गेला. प्रतापराव ताठ बसले होते, ओठ घट्ट मिटून, लहान मूल इंजेक्शन घेताना बसतं तसे. उद्या भोपाळच्या प्लॉटला हो कळवलं, की हे सगळं दरवर्षी चारच दिवस बघायला मिळणार होतं, पाहुण्यासारखं, आणि त्यांना ते सोसत नव्हतं.

इंदुमतीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. भर रस्त्यात, बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच.

"रडायचं असेल तर रडून घ्या," ती म्हणाली. "टांगेवाला पुढं बघतोय."

आणि प्रतापराव सियागंज येईपर्यंत रडले.